सातव्या आणि आठव्या जनरेशनमधली रेघ

नगरच्या सावेडीत जुना लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी यंत्र उलटंपालटं करून बघतं. झाकणावर ओरखडा आहे का, बिजागरी सैल आहे का, बॅटरी किती टिकते, कीबोर्डवरची अक्षरं पुसली आहेत का, हे सगळं तपासून मग घासाघीस सुरू होते. तपासणं योग्यच, पण त्यावरून भाव फार तर पाचशे-हजाराने खालीवर होतो. खरा भाव ठरतो तो सिस्टिमच्या पानावर आय-फाइव्हपुढे जो क्रमांक दिसतो त्यावरून, आणि त्यातही पहिल्या आकड्यावरून. तो सात असेल तर एक भाव, आठ असेल तर दुसरा. डेल लॅटिट्यूड ७४८० आणि ७४९० शेजारी-शेजारी ठेवले तर रोज हाताळणारासुद्धा मागचं लेबल वाचल्याशिवाय कोणता कोणता ते सांगू शकत नाही. थिंकपॅड टी४७० आणि टी४८० यांचंही तेच. तरीही पुण्याहून लॉट येतो तेव्हा सातव्या जनरेशनचे पीस वेगळ्या ढिगात असतात आणि त्यांचा रेट वेगळा लागलेला असतो. प्रोफेसर कॉलनी चौकातल्या दुकानदाराला त्या रेटमध्ये काही बोलता येत नाही, पुण्याच्या ठोक व्यापाऱ्यालाही फारसं नाही. स्वस्त लॅपटॉपची किंमत, नव्याची आणि जुन्याचीही, चिप बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या आपल्या सोयीने आखलेल्या रेघांवरून ठरते. या धंद्यात काही वर्षं काढल्यावर झालेलं हे माझं मत आहे. त्या रेघांचा सगळ्यात मोठा भुर्दंड बसतो तो सगळ्यात कमी पैसे असलेल्या गिऱ्हाइकाला.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ही रेघ मायक्रोसॉफ्टची आहे, चिपवाल्यांना कशाला दोष द्यायचा? अर्धं उत्तर बरोबर आहे. विंडोज ११ ची घोषणा २०२१ च्या जूनमध्ये झाली, ऑक्टोबरमध्ये ती आली, आणि सोबत चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी आली. इंटेलचे साधारणपणे आठव्या जनरेशनपासून पुढचे आत, एएमडीचे रायझन २००० मालिकेपासून पुढचे आत, बाकी बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि बाहेर राहिलेली यंत्रं बाजाराच्या लेखी म्हातारी झाली. पण ही यादी मायक्रोसॉफ्टने एकटीने बंद खोलीत बसून केली नव्हती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिने यादीचा फेरविचार केला तेव्हा एएमडीच्या पहिल्या पिढीच्या झेन प्रोसेसरांचा अभ्यास एएमडीसोबत केला आणि दोघींनी मिळून ते बाहेरच ठेवायचं ठरवलं, हे तिनेच जाहीर केलं. इंटेलच्या सातव्या जनरेशनमधला लॅपटॉपचा एक प्रोसेसर मात्र आत घेतला गेला, आय-सेव्हन ७८२०एचक्यू. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता. घरचा माल असला की रेघ थोडी वाकते, एवढं त्यावरून कळतं. आणि विंडोज १० ची अखेर म्हणजे नवे लॅपटॉप खपण्याची संधी, हे चिप कंपन्यांनी गुंतवणूकदारांसमोर कधी लपवलेलं नाही. रेघ कोणाच्या पेनाने ओढली हा प्रश्न म्हणूनच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. माल कोणाचा खपला ते बघावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो तंत्र जाणणारे लोक घेतात. आठवी जनरेशन खरोखर वेगळी आहे, असं त्यांचं म्हणणं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने ती आणली तेव्हा हलक्या लॅपटॉपांतल्या आय-फाइव्हमध्ये पहिल्यांदा दोनाचे चार कोअर झाले, तेव्हा भाव जास्त असणं रास्तच. मान्य. चार कोअरसाठी कोणी जास्त पैसे मोजत असेल तर तक्रार नाही. पण मग यादीत खालच्या बाजूला बघा. सेलेरॉन एन४०२० हा दोन कोअरचा, अगदी तळच्या लॅपटॉपांत बसणारा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे. चार कोअर, आठ थ्रेडचा आय-सेव्हन ७७००एचक्यू यादीत नाही. एन४०२० वर चार जीबी रॅमसह विंडोज ११ सुरू करून ब्राउझरमध्ये पाचसहा पानं उघडली की माउसचा बाण अडखळायला लागतो. तेच काम सातव्या जनरेशनच्या साध्या आय-फाइव्हवर, आठ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून, निवांत होतं. सुरक्षेसाठी मागितलेली टीपीएम २.० ची सोयही सातव्या जनरेशनच्या बहुतेक ऑफिस-लॅपटॉपांत आहे. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरच्या स्थिरतेचं कारण दिलं आणि ते अगदीच पोकळ नाही. पण ड्रायव्हर नवे करायचे की नाही हे ज्याच्या हातात आहे, तोच ड्रायव्हर जुने झाले म्हणून यंत्र बाद ठरवण्यात भागीदार असतो, हा पेच या कारणातून सुटत नाही. यंत्राची ताकद ही कसोटी असती तर एन४०२० आत आणि ७७००एचक्यू बाहेर असं झालंच नसतं. कसोटी जन्मसालाची आहे.

गिऱ्हाईक कोण आहे हेही इथे पाहायला हवं. सावेडीत स्वस्त लॅपटॉप घेणारा बहुधा विळद घाटातल्या किंवा नेप्तीच्या कॉलेजातला विद्यार्थी असतो, नाहीतर एमएस-सीआयटीचा क्लास चालवणारा, सेवा केंद्रवाला, टॅलीत चार दुकानांच्या नोंदी करणारा, एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपचा मालक. यांच्या कामाला लागणारी ताकद गेल्या दहा वर्षांत फार वाढलेली नाही. वाढलेलं आहे ते ब्राउझरचं ओझं, आणि त्यावर रॅम हा उपाय आहे, नवा प्रोसेसर नव्हे. म्हणून या लोकांना नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपनीतून निघालेला, चांगल्या बांध्याचा जुना लॅपटॉप घ्या, असं सांगणं आजवर खरं ठरत आलं. ऑक्टोबर २०२५ च्या रेघेने नेमका हा सल्ला अवघड केला. सातव्या जनरेशनचा पीस कामाला आजही उत्तम आहे, पण दोन वर्षांनी तो कोण विकत घेणार? गिऱ्हाईक तेवढा विचार करतं, आणि ते चूक नाही. शेवटी ते नव्या स्वस्त यंत्राकडे वळतं.

ते नवं स्वस्त यंत्र एकदा तळाचं झाकण काढून पाहावं. आत निम्मी जागा रिकामी असते. मध्ये हिरवा किंवा निळा, तळहातापेक्षा थोडा मोठा बोर्ड. प्रोसेसरवर पातळ पत्रा, पुष्कळदा पंखाही नसतो. त्याच्या शेजारी दोन किंवा चार काळ्या चौकोनी चिप, तीच रॅम, थेट बोर्डाला डाख दिलेली. रॅमचा स्लॉट नाही. साठवणुकीच्या जागी ईएमएमसी, तीही डाख दिलेली, चौसष्ट जीबीची. विंडोजचे एक-दोन मोठे अपडेट आले की ती भरते. यात काही बदलायचं तर हॉट एअर स्टेशन, बीजीएची स्टेन्सिल आणि डोळ्यात तेल घालून बसलेला कारागीर लागतो, आणि त्याची मजुरी यंत्राच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जाते. हा लॅपटॉप कंपनीचा निर्णय, असं म्हणता येईल. पण वरची मर्यादा प्रोसेसरवालाच घालून देतो. एन४०२० ला इंटेलने अधिकृतपणे आठ जीबीपर्यंतच रॅमची परवानगी दिली आहे. २०२३ मध्ये आलेल्या एन१०० ला सोळा, आणि तीही एकाच चॅनेलवर. पूर्वी असं नव्हतं. चौथ्या जनरेशनपर्यंत, म्हणजे २०१३ च्या सुमारापर्यंत, इंटेलच्या 'एम' प्रोसेसरांना सॉकेट असे. स्क्रू सैल करून आय-थ्री काढायचा आणि आय-फाइव्ह बसवायचा, हे काम नगरमधला कोणताही हुशार मेकॅनिक करायचा. पाचव्या जनरेशनपासून लॅपटॉपचे सगळे प्रोसेसर बोर्डाला कायमचे जोडलेले येऊ लागले. यंत्र पातळ झालं हे खरं, पण प्रोसेसरचा स्वतंत्र जुना बाजारही त्याबरोबर संपला. बोर्ड गेला की सगळं गेलं.

तळाच्या यंत्राला मुद्दाम बुटकं ठेवण्याची ही सवय जुनी आहे. २००७ मध्ये आसुसने सात इंची ईईई पीसी आणला, पुढच्या वर्षी इंटेलने अशा यंत्रांसाठी ॲटम आणला आणि नेटबुकची लाट आली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिला लॅपटॉप म्हणून नेटबुकच आला. ती यंत्रं रखडत चालायची याचं एक कारण चिप होती, दुसरं कारण अटी होत्या. स्वस्त विंडोज हवी तर रॅम एक जीबी आणि पडदा लहान. विंडोज ७ स्टार्टरमध्ये तर डेस्कटॉपवरचं चित्रही बदलता येत नसे. एनव्हिडियाने ॲटमसोबत चालणारी आयन ही जास्त चांगली ग्राफिक्सची चिप काढली. तेव्हा तिच्या प्रमुखांनी २००९ मध्ये जाहीर आरोप केला की इंटेल एकटा ॲटम ४५ डॉलरला देते आणि स्वतःच्या दोन सोबतच्या चिपसकट संपूर्ण संच २५ डॉलरला. आरोप प्रतिस्पर्ध्याचा आहे, म्हणून आकडा जपून घ्यावा. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इंटेलवर खटला भरला आणि ऑगस्ट २०१० मध्ये तडजोड झाली, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची चिप न घेण्याच्या बदल्यात सवलत देण्यावर बंदी घालण्यात आली. नेटबुक सुधारलं असतं तर महागड्या लॅपटॉपची विक्री खाल्ली गेली असती. ते सुधारलं नाही, आणि काही वर्षांत भंगारात गेलं.

बाजारात स्पर्धा आहे, इंटेल नको तर एएमडी घ्या, हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो. एएमडी आज खरोखर तगडी आहे, ते कोणी नाकारत नाही. पण ही स्पर्धा कोणत्या वाटेने आली ते आठवावं. युरोपीय आयोगाने २००९ च्या मे महिन्यात इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आरोप दोन होते, लॅपटॉप-संगणक कंपन्यांना अटीवर दिलेल्या सवलती, आणि एएमडीची यंत्रं लांबणीवर टाकण्यासाठी वा मर्यादित ठेवण्यासाठी दिलेले पैसे. सवलतींचा भाग २०२२ मध्ये न्यायालयात टिकला नाही, आणि तो इंटेलच्या बाजूने मोजलाच पाहिजे. दुसरा भाग मात्र टिकला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आयोगाने त्यासाठी पुन्हा ३७ कोटी ६० लाख युरोंच्या आसपास दंड लावला. शिवाय स्पर्धा असली तरी तळाच्या गिऱ्हाइकाला ती उशिरा पोचते. २०१८-१९ मध्ये इंटेलला १४ नॅनोमीटरच्या चिप पुरेनात, तेव्हा तिने सर्व्हरचे आणि महागडे प्रोसेसर आधी बनवले, स्वस्त लॅपटॉपचे मागे ठेवले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिने पुरवठ्याबद्दल ग्राहक-कंपन्यांची लेखी माफीही मागितली. माफी मोठ्या कंपन्यांना मिळाली, वाट पाहणं स्वस्त लॅपटॉपवाल्यांच्या वाट्याला आलं. एएमडीचं वागणंही धुतल्या तांदळासारखं नाही. तिचा रायझन ५ ७५२०यू हा नावाने ७००० मालिकेतला, २०२२ मध्ये आलेला, पण आतली रचना झेन २ ची, म्हणजे २०१९ मधली. इंटेलचा कोअर आय-थ्री एन३०५ हा आय-थ्री म्हणवतो, पण त्यात मोठा कोअर एकही नाही, सगळे लहान. नवीन विकताना ही नावं भाव चढवतात. जुन्यात मात्र व्यापारी नाव वाचत नाही, अख्खा क्रमांक वाचतो, आणि तेव्हा गिऱ्हाइकाला कळतं की आपण स्टिकरचे पैसे दिले होते.

पुनर्विक्रीवरची पकड आपल्याकडे थेट कशी चालते याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण लॅपटॉपमधलं नाही, डब्यातून सुटा मिळणाऱ्या प्रोसेसरचं आहे. असे प्रोसेसर परदेशातल्या अधिकृत वितरकाकडून घेऊन भारतात स्वस्तात विकणारे व्यापारी आहेत. २०१६ मध्ये इंटेलने ठरवलं की भारतात वॉरंटी मिळेल ती फक्त भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या मालाला. माल अस्सल, कंपनी तीच, पण वाट वेगळी म्हणून वॉरंटी नाही. दिल्लीच्या मॅट्रिक्स इन्फो सिस्टिम्सने तक्रार केली, भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला, आणि २०२६ च्या फेब्रुवारीत इंटेलला सुमारे २७ कोटी रुपयांचा दंड झाला. सावेडीत डेस्कटॉप जुळवून देणाऱ्या माणसाला हे प्रकरण ठाऊक असो वा नसो, त्याचा परिणाम त्याने भोगलेला आहे. स्वस्त प्रोसेसर घ्यायचा तर वॉरंटी स्वतःच्या खिशातून द्यायची, एवढाच पर्याय त्याच्यापुढे होता. तक्रारीपासून दंडापर्यंत सात वर्षं गेली. लॅपटॉपच्या तीन जनरेशन तेवढ्यात जुन्या होतात.

आता मला सगळ्यात अवघड वाटणारा आक्षेप. चिप कंपन्यांनी तळासाठी वेगळा, मर्यादित माल बनवला नसता तर स्वस्त लॅपटॉप मुळात मिळालाच नसता. महाग माल जास्त नफ्यात विकता येतो म्हणून स्वस्त माल काठावर विकता येतो. यात तथ्य आहे. २०११ चा आकाश टॅबलेट सरकारला २,२७६ रुपयांना पडला आणि वापरणाऱ्यांनी तो बाजूला ठेवला, कारण ३६६ मेगाहर्ट्झच्या चिपवर तो चालतच नव्हता. नुसती किंमत पाडून भागत नाही हे त्यातून दिसलं. २०२३ मध्ये मीडियाटेकच्या चिपवरचा जिओबुक १६,४९९ रुपयांना आला. तो आकाशपेक्षा किती तरी बरा, पण त्यात विंडोज चालत नाही आणि दुसरी प्रणाली सहज टाकता येत नाही, म्हणून जुन्यात त्याला विचारणारे थोडे. कमी ताकदीच्या चिपला माझा विरोध नाही. ती कमी ताकद आणखी कुठे वाढवता येऊ नये अशी व्यवस्था करण्याला आहे. रॅमचा एक स्लॉट ठेवायला लागणारा खर्च यंत्राच्या किमतीत फार मोठा नसतो. तो नसल्यामुळे गिऱ्हाइकाला जो तोटा होतो, तो पूर्ण यंत्राएवढा असतो.

लिनक्स टाका की, असं सुचवणारे बहुतेक जण सेवा केंद्रात कधी बसलेले नसतात. लिनक्स छान आहे, जुन्या यंत्रावर हलकं चालतं, विद्यार्थ्याला तर ते जरूर शिकवावं. पण टॅली विंडोजवर चालते. श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फायली विंडोजवर उघडतात. अंगठा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर विंडोजसाठी आधी येतात, बाकीच्यांसाठी कधीतरी. रांगेत दहा माणसं उभी असताना प्रयोग करायला कोणाला वेळ आहे? सातव्या जनरेशनच्या यंत्रांवर अधिकृत वाट सोडून विंडोज ११ चढवताही येते आणि सर्रास चढवली जाते. गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगून द्यावं लागतं, कारण पुढचं अपडेट मिळेलच असा शब्द कोणी देत नाही. या एका वाक्याने भाव पडतो.

२०२५ च्या उत्तरार्धात तर सगळा हिशेब उलटासुलटा झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना लागणाऱ्या खास मेमरीत नफा जास्त, म्हणून सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. जगातली बहुतांश डीरॅम याच तिघी बनवतात. डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घेतलं गेलं आणि जुनी म्हणून स्वस्त असलेली ही रॅम महागली. २०२५ च्या मध्याला काही काळ ती घाऊक बाजारात नव्या डीडीआर५ पेक्षाही महाग होती. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. चार जीबीच्या लॅपटॉपला आणखी आठ टाकून चालता करायचा, हा आमचा रोजचा उपाय होता. आता रॅमचाच भाव ऐकून गिऱ्हाईक थबकतं. उलट, ज्या जुन्या ऑफिस-लॅपटॉपांत सोळा जीबी रॅम सुटी बसवलेली आहे, त्यांत रॅम काढून वेगळी विकण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो, आणि मग धड चालणारं यंत्र केवळ रॅमसाठी फुटतं. विंडोजच्या रेघेने ज्याचा भाव पाडला, त्याच यंत्राचे तुकडे मेमरीवाल्यांच्या निर्णयाने महाग केले. दोन्ही वेळा यंत्र तेच होतं, त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

सरकारने २०२३ मध्ये दोन पावलं उचलली. मे महिन्यात लॅपटॉप भारतात जुळवण्यासाठी १७,००० कोटींची प्रोत्साहन योजना, ऑगस्टमध्ये आयातीवर परवान्याची अट, जी लगेच मागे सरली आणि नोव्हेंबरपासून नुसत्या नोंदणीच्या व्यवस्थेवर आली. जुळवणी कुठे होते याने रोजगार बदलतो, आणि तो बदलावाही. पण प्रोसेसर आणि रॅम बाहेरून येतात तोवर रेघा बाहेरच ओढल्या जाणार. त्याहून साधी आणि लगेच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे खोक्यावर तीन ओळी छापणं सक्तीचं करणं: या प्रोसेसरला सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, रॅम वाढवता येते का, साठवण बदलता येते का. औषधाच्या पट्टीवर तारीख असते, गॅसच्या सिलिंडरवर असते. पंधरा-वीस हजारांच्या यंत्रावर का नसावी? कंपन्या म्हणतील की पुढचं आम्हालाही आज सांगता येत नाही. गूगलने २०२३ मध्ये क्रोमबुकसाठी दहा वर्षांचा शब्द जाहीरपणे दिला, म्हणजे देता येतो.

पुढची रेघ कुठे पडेल याचा अंदाज पुण्याचे व्यापारी आतापासून बांधत आहेत आणि त्यांच्या रेटमध्ये तो दिसतो. इंटेलने २०२२ च्या जुलैमध्ये सहाव्या ते दहाव्या जनरेशनचे ग्राफिक्स ड्रायव्हर जुन्या खात्यात टाकले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अकराव्या ते चौदाव्यापर्यंतचे टाकले, ज्यातले काही लॅपटॉप तेव्हा शोरूममध्ये नवे म्हणून विकले जात होते. २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली आहे. पुढच्या चिपमध्ये हे करणार नाही असं इंटेलने सांगितलं, आणि त्यामागचं कारण दुरुस्तीची सोय हे नव्हतं. त्या रॅमवर तिचा नफा घटत होता. ही यंत्रं कंपन्यांतून बाहेर पडून लॉटमध्ये येतील तेव्हा त्यांची रॅम वाढवणं हे आमच्याकडच्या कोणत्याच कारागिराच्या हातचं काम नसेल. आज आठव्या जनरेशनचा पीस घेणाऱ्याला म्हणून एवढंच सांगता येतं: तळाचं झाकण उघडून दाखवायला लावा, रॅमचे दोन स्लॉट डोळ्यांनी पाहा, आणि पूर्ण क्रमांक कच्च्या पावतीवर नव्हे, बिलावर लिहून घ्या.